दोन हातांवरचा दिवा

“आधी मोज, मंग बोल.”

हे ज्याचं पालुपद होतं त्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, तेव्हा आधी मोजूनच घेतो. आमचं घर म्हणजे चार कुडाच्या भिंती, एक दार, खिडकी नाही. जमीन नाही. दिवा एक, रॉकेलची चिमणी. माय ती पालथ्या डब्यावर ठेवायची. डब्याच्या एका अंगाला मी पुस्तक घेऊन, दुसऱ्या अंगाला ती चुलीपुढं. दिवसभर लोकांच्या वावरात निंदण नाहीतर कापसाची वेचणी करून आलेली बाई, आणि तिच्या वाट्याला संध्याकाळी एवढाच उजेड. त्यातलाही अर्धा माझा. मी दिवा तिच्याकडे सरकवला की ती परत माझ्याकडे ढकलायची. म्हणायची, “तू वाच. भाकर मले हातानं दिसते.”

भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची आणि दुसरी ज्यांच्यामुळं मी शाळेत गेलो त्यांची. बाजूला तिसरा खिळा होता, रिकामा. तो माझ्या बापानं ठोकला होता. एकदा घरातल्यांचा फोटो काढून आणू म्हणाला होता. फोटो निघायच्या आधी तोच तापानं गेला. मी तेव्हा सातवीत. आज त्याचा चेहरा आठवायचा तर मला डोळे मिटावे लागतात, आणि दर वेळी तो थोडा वेगळाच दिसतो.

मी शिकलो. वाशीमच्या कॉलेजातून इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालो. आमच्या वस्तीतून मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. हे मी आजही सांगतो आणि सांगताना लाजत नाही. मंगरूळपीरला जमीन मोजणीच्या ऑफिसात कारकून लागलो. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, सगळं अकोल्यातच मोडायचं. ज्याच्या सात पिढ्यांनी स्वतःच्या नावचं वावर पाहिलं नाही, तो साऱ्या तालुक्याच्या जमिनींचे कागद सांभाळायला बसला. आणि पहिल्याच दिवशी त्याच्या टेबलापुढं हे महाशय येऊन उभे राहिले.

ते आमच्या ऑफिसातले मोजणीदार. वय पंचेचाळीसच्या पुढं, उन्हानं भाजून निघालेला चेहरा, आणि सदऱ्याच्या खिशातून बाहेर लोंबणारी सुतळीची दोरी. दोरीला हाताहातावर गाठी. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, दीड फूट. शेत मोजायला सरकारी साखळी होती, ही दोरी बाकीच्या जगासाठी होती.

“काय शिकला?”

“बी.ए.”

“मंग आजपासून तू बीए.”

पुढची तीन वर्षं या माणसानं मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. आधी वाटलं, मान देतो आहे. आठवड्याभरात कळलं की त्याला नावं लक्षातच राहत नाहीत, फक्त मापं राहतात. मी त्यांना भाऊ म्हणायचो. सारं ऑफिस म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीपासून माझ्या टेबलापर्यंत दोरी धरली. “बीए, उजीड तुह्या उजव्या अंगानं येऊन राह्यला. लिहिता लिहिता हाताची सावली अक्षरावर पडते. टेबल फिरव.”

“राहू द्या भाऊ, मला दिसतं.”

“दिसते काय? मोजलं?”

मी टेबल फिरवलं नाही. तिसऱ्या दिवशी आलो तर ते फिरलेलं होतं. आणि सांगायला जिवावर येतं, पण लिहायला खरंच सोपं गेलं. या माणसाचा खरा त्रास हाच होता. तो चुकत नसे. चुकणाऱ्या माणसाचा राग धरता येतो. बरोबर असणाऱ्याचा नुसता वैताग येतो. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, म्हणजे मी काय म्हणतो ते तुम्हाला समजेल.

हा वैताग खऱ्या अर्थानं वाढला तो फ्लॅशमुळं. भाऊंकडे दोन भिंगांचा एक जुना कॅमेरा होता, वरून खाली मान घालून बघायचा. एकदा ते अकोल्याहून आले ते एक फ्लॅशगन घेऊनच. चार सेलवर चालायची. बटण दाबलं की डासासारखा बारीक आवाज करत भरायची, आणि भरली की मागचा लाल दिवा लागायचा. लोक ती कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचे. भाऊंनी तिला सायकलच्या दिव्याची लांब वायर जोडली आणि ती कॅमेऱ्यापासून दूर नेली.

मी म्हटलं, “भाऊ, ती वर बसवायची असते. कंपनीनं जागा दिली आहे.”

“सकायच्या उन्हात तू वावर पाह्यलं? सारे धुरे दिसतेत. बांध, उंचवटा, नाली, सारं. भर दुपारी पाह्य. सूर्य डोक्यावर. वावर कसं दिसते? सपाट. फरशीसारखं. माणसाच्या तोंडाचंबी तसंच. सामोरून उजीड मारला का धुरे गायब.”

“पण तोंडाला धुरे, हद्दी कशाला हव्यात?”

“अबे, धुरा नसन तर वावर कोणाचं ते कसं ओयखू येईन?”



फ्लॅशसोबत एक छापील कागद आला होता, इंग्रजीत. भाऊंनी तो माझ्यापुढं ठेवला. “वाच बीए. अक्षर न अक्षर.”

मी वाचला. फ्लॅशला एक नंबर असतो, आमच्या फ्लॅशचा पन्नास. त्याला अंतराच्या फुटांनी भागायचं, जे उत्तर येईल तेवढं कॅमेऱ्याचं उजेड आत घेणारं भोक ठेवायचं. आकडा मोठा तर भोक बारीक. मी हे धडाधड सांगून टाकलं. भाऊंनी कागदावर बोट ठेवलं.

“अंतर कुठून कुठपर्यंत?”

“कॅमेऱ्यापासून माणसापर्यंत. अजून कुठून?”

“तसं लिवलं हाये?”

मला झोंबलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, आणि सातवी पास माणूस मला उलटतपासणी करतो. “भाऊ, मी काय तुम्हाला खोटं सांगीन?”

“नाई, नाई. तू शिकलेला,” असं म्हणून त्यांनी विषय सोडला. ते पहिल्यांदाच न मोजता काही मान्य करत होते. त्याचं कारण माझी डिग्री होती, हे मला फार नंतर कळलं.

मग सुरू झाला छळ. जेवणाच्या सुट्टीत मला दप्तरखान्यात नेऊन स्टुलावर बसवायचं. फ्लॅश कशावर लावायची? तर मोजणीच्या फळ्याची सरकारी तिवई होती ना, तिच्यावर. तीन पायांची, लाकडी, शेतात नकाशा काढायला न्यायची. तिच्या टोकाला सुतळीनं फ्लॅश बांधलेली. मी घाबरून म्हणायचो, साहेब येतील. ते म्हणायचे, येऊ दे. मग नाकापुढं दोरी. “हालू नको. हनुवटी वर. येवढी नाई. गाठ चुकली.” माझी पोळी डब्यात थंड. फोटो एक, माप वीस वेळा.

रोल धुऊन आला. सारे फोटो पांढरेफटक. मी चुन्यात बुडवून काढल्यासारखा. भाऊंनी मग साहेबांवर प्रयोग केला. साहेब आमच्यापेक्षा काळे. त्यांच्या फोटोत तर नाकसुद्धा शोधावं लागत होतं. पण साहेबांनी फोटो बघितला आणि खूष! तीन प्रती मागितल्या. सासुरवाडीला पाठवतो म्हणाले. मग सगळं ऑफिस रांगेत. “भाऊ, माहाबी काढा न, साहेबासारखा.”

भाऊ मात्र तो फोटो दाराच्या उजेडात धरून बघत राहिले. “हे माणूस नोहे. सारवलेली भित हाये.”

“लोक खूष आहेत ना? मग झालं.”

“लोकाले चूक मोजणीबी आवडते बीए, वावर वाढून आलं तर.”

तोवर मला गंमत वाटत होती. मग मायचे डोळे बिघडले. बाजाराच्या दिवशी ती मंगरूळला आली तेव्हा तिला मी समोरून येताना दिसलो नाही, आवाजावरून ओळखलं. डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला. एक डोळा जवळपास गेलेला, दुसराही चाललेला. ऑपरेशन करू, पण हमी देत नाही, म्हणाले. बसस्टँडवर माय सहज बोलून गेली, “तुह्या बापाचं तोंड मले आता सपनातबी दिसत नाई. आता माहं मलेबी नाई दिसणार.”

हे ऐकून मी तिला तसाच ऑफिसात घेऊन आलो. भाऊ, हिचा फोटो काढा. आत्ता. भाऊंनी काढला. मी सांगितलेल्या हिशोबानं, कॅमेऱ्यापासून आठ फूट. फ्लॅश मात्र बाजूला, तिच्या तोंडाजवळ.

आठ दिवसांनी फोटो घेऊन मी गावी गेलो. मायनं तो डोळ्यांना अगदी चिकटवून पाहिला. फिरवून फिरवून पाहिला. मग परत दिला.

“कोण व्हय हे?”

“तूच.”

“मी नाई. हे एखादं भूत व्हय. तोंड नाई, काई नाई. तुह्या बापानं पाह्यलं तर घरात घेणार नाई.”

हसली ती, पण फोटो ट्रंकेत पालथा ठेवला. रिकाम्या खिळ्याकडे मी बघत होतो आणि मनातल्या मनात भाऊंना शिव्या घालत होतो. एवढं मोजून मोजून काय मोजलं या माणसानं? डोळे जायच्या आत एक फोटो, एवढंच मागितलं होतं मी.

सोमवारी ऑफिसात आलो. भाऊ नव्हते, एका गावी मोजणीला गेले होते. त्यांच्या टेबलावर तो इंग्रजी कागद पडला होता, घड्यांवर फाटायला आलेला. मी रागातच उचलला, म्हटलं यांना यांची चूक दाखवून देऊ. वाचला. अंतर फ्लॅशपासून माणसापर्यंत, असं स्वच्छ लिहिलं होतं. फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसलेली असेल तर दोन्ही एकच. पण ती बाजूला नेली, जवळ नेली, की मोजायचं उजेड निघतो तिथून. शेंबडं पोरसुद्धा वाचेल असं वाक्य. मी त्या दिवशी ते वाचलंच नव्हतं. मला माहीत आहे असं समजून पुढं गेलो होतो. तीन रोल, अर्धं ऑफिस आणि माझी माय माझ्या बी.ए.नं पांढरी करून टाकली होती.

मी कागद होता तसा ठेवला आणि गप्प बसलो.

आणि भाऊ? ते परत आले आणि चूक शोधायला लागले. आधी सेल बदलले. मग कॅमेऱ्याचं भिंग पुसून पुसून झिजवलं. मग गावातल्या स्टुडिओवाल्याशी भांडले, तुह्या औषधात खोट हाये म्हणून. तो बिचारा डोक्यावर हात मारून घेत होता. मी पाहत होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज वाटायचं, हा माणूस आता मला साऱ्या ऑफिसादेखत ‘बीए’ म्हणेल आणि त्याचा अर्थ आजपासून वेगळा होईल.

शुक्रवारी सांगितलं. “भाऊ, त्या कागदात कॅमेऱ्यापासून असं नाही. फ्लॅशपासून असं आहे. मी चुकीचं सांगितलं.”

ते दोरी गुंडाळत होते. हात थांबला. “कवा समजलं तुले?”

“सोमवारी.”

त्यांनी दोरीच्या गाठींवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार. “वावराच्या मोजणीत चूक सापडली तर त्याच दिवशी सांगा लागते बीए. चार दिवसात लोक धुऱ्यावर कुऱ्हाडी काढतेत.”

बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी भांडायची तयारी करून आलो होतो. उलट ते म्हणाले, “स्टुडिओवाल्याची माफी मागा लागन मले. चल, ऐतवारी मायकडे जाऊ. घरीच काढू.”

ऐतवारी आम्ही शेलूबाजारची बस धरली. भाऊंनी ती सरकारी तिवई सोबत घेतली. कंडक्टर म्हणाला, “बाप्पा, बंदूक गिंदूक हाये काय?” आणि तिचं अर्धं तिकीट फाडायला निघाला. भाऊ त्याच्याशी बस सुटेपर्यंत वाद घालत होते की ही बसत नाही, उभी राहते, हिला तिकीट कसं? मी खिडकीबाहेर बघत बसलो, यांना ओळखत नाही असा चेहरा करून.

शेलूबाजारहून आमचं गाव पायी. आणि इथं जे झालं ते मला आधीच सुचायला हवं होतं. खांद्यावर तिवई घेतलेला मोजणीदार गावात शिरला म्हणजे त्याचा अर्थ एकच. आम्ही पहिल्या घरापाशी येतो न येतो तोच एकजण धावत आला, हातात जुने कागद.

“साहेब, माह्या धुऱ्याची मोजणी हाये काय आज? नोटीस तं आली नाई!”

मागून त्याचा चुलतभाऊ. “याची कायची मोजणी? पेऱ्याचे दोन काकर यानं माह्या वावरात घुसवले!”

“तू घुसवले बे!”

वस्तीपर्यंत पोचेस्तोवर आमच्यामागं पंधरा-वीस माणसं. ज्याच्या वावरात माय बारा महिने कामाला जायची तोसुद्धा कागदाची पिशवी बगलेत मारून हजर. मी जो भेटेल त्याला सांगत होतो, मोजणी नाही, फोटो आहे. कोणी विश्वास ठेवेना. फोटोला तिवई कशाला?

भाऊंनी आमच्या दारात तिवईचे तीन पाय रोवले आणि वळून म्हणाले, “आज वावर नाई मोजत मी. या मायचं तोंड मोजतो. ज्याले पाह्यचं त्यानं गुपचाप पाहावं.”

आमच्या वस्तीत ती तिवई कधी आली नव्हती. यायचं कारणच नव्हतं, मोजण्याजोगं आमच्याकडे काही नव्हतं. तो वावरवाला पिशवी सावरत दारात उभा राहिला आणि वाकून आमच्या घरात बघू लागला. मी ताठ उभा होतो, हे कबूल करतो.

भाऊ आत आले आणि म्हणाले, “माय, पाणी दे.”

वस्तीबाहेरचा माणूस आमच्या घरी पाणी मागतो की नाही, प्यायला की नुसतं ओठाला लावतो, याकडे आमची नजर लहानपणापासून असते. भाऊंनी गडवा रिकामा केला आणि दुसरा मागितला. माझा ऊर भरून आला. मग कळलं, त्यांचं पाण्याकडे लक्षच नव्हतं. माय वाकून पाणी ओतताना दाराचा उजेड तिच्या गालावरून कसा जातो, ते बघायला त्यांनी दुसरा गडवा मागितला होता. असा हा माणूस!

“बीए, शायेत असतानी तू इथीच वाचे?”

“हो.”

“दिवा कुठी राहे?”

“त्या डब्यावर. पालथ्या.”

“ठेव डबा. माय कुठी बसे?”

“चुलीपुढं.”

“बसव. तू कुठी बसे?”

मी माझी जागा दाखवली. भाऊंनी तिथं, माझ्या जागेवर, कॅमेरा ठेवला.

“दिव्यापासून मायच्या तोंडापर्यंत किती हात?”

“आता ते कसं सांगू? मोजलं होतं काय कोणी?”

“आधी मोज, मंग बोल.” त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी दोरीचं एक टोक डब्यावर धरलं, दुसरं मायच्या गालाशी नेलं. ती मागं सरली. “काय करून राह्यला रे? मेल्या माणसाचं माप घेतेत. जित्याचं काहून?”

बाहेरच्या गर्दीत हशा झाला. भाऊ गंभीर. “बरोबर हाये माय. मेल्याचं एकदाच घेतेत. जित्याचं घडीघडी घ्या लागते.”

दोन हात. तीन फूट. पन्नास भागिले तीन म्हणजे सोळा. उजेड मऊ पडावा म्हणून त्यांनी फ्लॅशवर रुमाल बांधला, त्यानं उजेड कमी होईल म्हणून भोक एक घर मोठं केलं, अकरा. तिवईचे पाय फाकवून तिला इतकं खाली आणलं की फ्लॅश बरोबर डब्याच्या उंचीवर आली. मग पुन्हा मोजलं. मग बाहेर जाऊन आत बघितलं. मग दार अर्धं लोटलं. मग पुन्हा मोजलं. दोन बोटं फरक निघाला म्हणाले. सगळं पुन्हा.

ऊन चढलं. बाहेरचे लोक कंटाळून पांगायला लागले. दोघे चुलतभाऊ आमच्याच ओट्यावर एकमेकांच्या विडीला काडी लावत बसले होते. मला भूक लागलेली. मायचे गुडघे भरून आलेले. भाऊ कॅमेऱ्यात मान घालून, “हालू नको माय. आता होते. फक्त एकडाव मोजतो.”

माझा संयम सुटला. “भाऊ, किती मोजाल? ती काही वावर नाही!”

माय माझ्याकडे फिरली. पार भडकली होती, पण भाऊंवर नव्हे, माझ्यावर. “त्याच्यावर काहून चिल्लावते रे? कोणी आजपावतर माहं काई मोजलं? शिकला न तू? मंग गुपचाप बस!”

आणि पांढरा लखलखाट झाला.

“झालं,” भाऊ म्हणाले. बारा फोटोंच्या रोलमधला एकच वापरला. मी म्हटलं, अजून एक काढा, हा बिघडला असेल. ती बोलत होती, हलली असेल, तोंड उघडं असेल. तर म्हणाले, “मोजलेलं हाये. दुसरं काहून पाह्यजे?”

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ते दोरीच्या दुसऱ्या गाठीला लाल दोरा बांधत होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एक सरकारी फाईल दिली. आत फोटो होता. मागची भिंत सगळी अंधारात बुडालेली. डावीकडून, खालून, उजेड मायच्या तोंडावर आलेला. कपाळाच्या आठ्या, गालाचं हाड, हनुवटीवरचं गोंदण, ओठांच्या कडेची घडी, सगळं शाबूत. जशी होती तेवढीच सावळी. डोळे उघडे आणि माझ्यावर रोखलेले, आता बोलेल अशी चिडलेली. ही बाई मी वर्षानुवर्षं याच जागेवरून पाहिली होती, पुस्तकावरून मान वर केली की. फोटोत दिवा नव्हता, पण कुठं होता ते कोणीही सांगितलं असतं.

फोटो उलटा केला. मागं पेन्सिलीनं नकाशा काढलेला. वर उत्तरेचा बाण. चूल, डबा, कॅमेरा, मायची बसायची जागा, प्रत्येक अंतर हातांत लिहिलेलं. खाली शेताच्या नकाशावर घालतात तशी सही आणि ‘मोजणी बरोबर’. मी दप्तरखान्यात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. बाहेर आलो तर भाऊ म्हणाले, “काय बीए, मापात चूक सापडली काय?” म्हटलं, नाही. “सापडली तर त्याच दिवशी सांगजो.”

त्याच वर्षी त्यांची बदली झाली. जाताना तिवई ऑफिसात जमा केली, रीतसर सही घेऊन. फ्लॅश स्वतःसोबत नेली. दोरी माझ्या टेबलाच्या कप्प्यात सापडली. ती विसरले की ठेवून गेले, हे मी पत्रानं विचारलं. उत्तर आलं नाही. पत्रात वाचायसारखं माप नसावं. नंतर काही वर्षांनी कळलं, ते वारले. त्यांच्या घरी त्यांचा फोटो आहे का, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. सगळ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढतो?

मायचं ऑपरेशन झालं. ते फारसं साधलं नाही. त्यानंतर तिला उजेड-अंधार कळायचा, माणूस आला-गेला कळायचा, चेहरे नाही.

पण फोटो मी त्याआधीच नेला होता. तिनं तो दारात नेऊन बऱ्या डोळ्याजवळ धरला. मग म्हणाली, “हाव. हे मी व्हय. तुह्यावर चिल्लावून राह्यली.” आणि मला म्हणाली, बापाच्या खिळ्यावर लाव.

मी लावला. आमच्या घराण्यातला भिंतीवर लागलेला तो पहिला फोटो. मायनं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि त्यात स्वतःला ओळखलं.